टाकी ते टाकी

पहाटे ४.००, वाशी

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाडी रात्री बाराला लावली होती. जाग आली ती माथाडींच्या हाकांनी. डिसेंबर आहे, पण इथे नाशिकसारखी थंडी नाही. भाचा पायाशी गोधडीत गुरफटून झोपलेला. त्याला उठवायच्या आधी केबिनचा दिवा लावला आणि डिझेलची वही उघडली.

वही शाळेचीच, दोनशे पानी. तारीख, किलोमीटर, लिटर, भार, ॲव्हरेज असे पाच रकाने आखलेले. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, फेरी करायची आणि परत त्याच पंपावर, त्याच नोझलखाली, गळ्यापर्यंत भरायची. धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागलं की ॲव्हरेज. काट्यावर आणि अंदाजावर माझा भरवसा नाही, टाकी ते टाकी एवढाच हिशोब मी खरा मानतो.

ऑक्टोबरच्या पानावर ४.२ आहे. नोव्हेंबरच्या पानावर ४.०. डिसेंबर लागल्यापासून ३.८.

पिंपळगाव बसवंत ते वाशी आणि परत, माझी फेरी साधारण ४०० किलोमीटरची. ४.२ ला ९५ लिटर लागतात, ३.८ ला १०५. म्हणजे फेरीमागे दहा लिटर. महिन्याच्या बारा फेऱ्यांत १२० लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी दहा हजार आठशे. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला हा आकडा झोपू देत नाही.

गाडी २००६ सालची, टाटाची २५१५. नावातच तिची ओळख आहे: पंचवीस टनी, दीडशे हॉर्सपॉवरची. आत कमिन्सचं सहा सिलिंडरचं इंजिन, बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०, सगळं मिळून पावणेसहा लिटरच्या थोडं वर. टर्बो आहे, इंटरकूलर आहे, आणि डिझेलचा पंप पूर्ण मेकॅनिकल. गाडीत कुठंही कॉम्प्युटर नाही. ॲव्हरेज घसरलं असं सांगितलं की चहाच्या टपरीपासून भावकीपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं: गाडी म्हातारी झाली, काढून टाका. मला ते पटत नाही. आज परतताना नीट बघायचं आणि दुपारी नाशिकच्या आडगावला चाचा मिस्त्रींच्या गॅरेजवर लावायची, हे रात्रीच ठरवलं होतं.

पहाटे ५.००

माल उतरायला लागला. सोळा टन लाल कांदा, तीनशेवर गोण्या. माथाडींची ओळ एका लयीत पाठीवर गोण्या घेऊन जाते आणि फाळक्यापाशी कांद्याची फोलपटं उडत राहतात. त्या फोलपटांकडे तेव्हा मी नुसतं बघितलं. दुपारी त्यांचा अर्थ कळणार होता.

शेजारच्या दोन गाड्या रात्रीपासून चालूच उभ्या आहेत. "मामा, बंद करून परत स्टार्टर मारला तर डिझेल जास्त जातं ना?" भाच्यानं विचारलं. बऱ्याच ड्रायव्हरांचा हा समज आहे. एवढं इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू राहिलं तर तासाला दीड-दोन लिटर पितं. पहाटेपर्यंत चार तास उभं राहिलं तर माझ्या गाडीची पंचवीस-तीस किलोमीटरची धाव तिथंच संपली. शिवाय नुसत्या आयडलवर इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि नोझलच्या तोंडावर काजळी धरते. मात्र घाट चढून किंवा भरधाव येऊन लगेच चावी बंद करायची नाही. टर्बोचा पंखा मिनिटाला हजारो फेरे फिरत असतो आणि त्याची बेअरिंगं इंजिनच्या ऑइलवर तरंगतात. ऑइल थांबलं की ती जळतात. तीन ते पाच मिनिटं आयडल, मग बंद. रात्री तसंच केलं होतं.

पहाटे ५.४५

सकाळी अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा लागतात, त्याआधी ठाणं ओलांडायचं. निघण्यापूर्वी रोजचा नेम. ऑइलची काडी पुसून परत घालून बघितली, दोन खुणांच्या मध्ये आहे. रेडिएटरचं पाणी बघितलं. मग डिझेलच्या पहिल्या फिल्टरखालचा ड्रेन ढिला केला आणि भाच्याच्या हातात काचेचा ग्लास दिला. तळाला बोटाच्या पेराएवढं पाणी साचलं, वर डिझेल. थंडीत अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेचा ओलावा रात्री पत्र्याला धरतो आणि ते पाणी खाली उतरतं. पंपाचे प्लंजर आणि नोझलची सुई यांची फिटिंग केसापेक्षा बारीक असते आणि त्यांना वंगण डिझेलचंच. पाणी तिथवर गेलं की गंज धरतो. म्हणून थंडीत मी टाकी रात्रीच भरून ठेवतो.

ताडपत्री नीट घडी करून दोरीनं आवळायला लावली. रिकाम्या गाडीवर फडफडणारी ताडपत्री वारा धरते, आणि वाऱ्याशी भांडायचं डिझेल टाकीतूनच जातं.

सकाळी ७.३०, पडघा

महापे, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत पडघ्याला चहाला थांबलो. इथे दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, पाण्याचा काटा. दीड तासाच्या वर गाडी चालून काटा साठाच्या आसपासच रेंगाळतोय. ऑक्टोबरात काटा वर चढत होता म्हणून रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं होतं. तिथल्या मिस्त्रीनं काहीतरी काढून टाकलं आणि "आता गरम नाही होणार" म्हणाला. काटा उतरला, मी खूश झालो आणि विसरलो. आज वहीतल्या तारखा आणि हा काटा डोक्यात एकत्र आले.

दुसरी, चाकं. मी भाच्याला रोज दहाही टायरांवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारायला लावतो. हवा भरलेला टायर टणटण उसळतो, कमी हवेचा बद्द बोलतो. मागच्या जोडीतला आतला टायर बाहेरून दिसत नाही आणि बसका झाला तरी शेजारच्यानं तोललेला असतो, म्हणून कानानंच ओळखायचा. टायर सगळे ठीक होते. मग मी हाताची मागची बाजू एकेका हबजवळ नेली. पाच कोमट. मागच्या एक्सलच्या उजव्या हबजवळ हात धरवेना. बाटलीतले चार थेंब टाकले तर चर्र करून उडून गेले.

गाडी रिकामी, रस्ता सपाट, ब्रेक फारसा मारलेला नाही, आणि ड्रम तापलाय. म्हणजे पाय काढल्यावरही ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. इंजिन पुढे ओढतंय आणि हे चाक मागे धरतंय.

सकाळी ८.४५, कसारा घाट

गाडी रिकामी असल्यानं घाटाची भीती नाही. काटा पंधराशे आरपीएमच्या आसपास राहील असा गिअर टाकला. या इंजिनची ओढ तिथं सगळ्यात चांगली असते. त्याखाली दाबून चढवलं तर इंजिन गुदमरतं, दोन हजारांच्या पुढं नेलं तर आवाज वाढतो आणि डिझेलही.

आरशात बघितलं तर धूर काळा. भरलेल्या गाडीनं चढावर पेडल दाबताना क्षणभर काळपट धूर सोडला तर समजू शकतो. रिकाम्या गाडीनं संपूर्ण वळणभर सोडला तर दुखणं आहे. भाच्याला मी धुराची भाषा शिकवतोय. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, आणि पांढरा राहूनच गेला, पाणीही कमी व्हायला लागलं, तर हेड गॅस्केटकडे बघायचं.

समोरून एक भरलेली गाडी उतरताना दिसली, इंजिनचा आवाज नाही, नुसती घरंगळत येणारी. न्यूट्रलवर. मला हे बघवत नाही. ड्रायव्हरला वाटतं की उतारावर न्यूट्रल मारलं की डिझेल वाचतं. खरं उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना पेडलवरून पाय काढला तर चाकंच इंजिनला फिरवतात. फेरे आयडलच्या वर आहेत हे पंपाच्या गव्हर्नरला कळतं आणि तो डिझेल पूर्ण तोडतो. उतारभर एक थेंबही जात नाही. न्यूट्रलवर मात्र इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला आयडलचं डिझेल लागतंच. आणि पंचवीस टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, एक वेळ अशी येते की पेडल दाबूनही काही होत नाही. काल रात्री मी हाच घाट सोळा टन घेऊन चढावाच्याच गिअरमध्ये उतरलो. भाच्याला मी शपथ घातली आहे की माझ्यामागं तो गाडी चालवेल तेव्हाही उतारावर न्यूट्रल मारणार नाही.

सकाळी ११.००, आडगाव

चाचांचं गॅरेज ट्रक टर्मिनसजवळ आहे. वय सत्तरीकडे. मी इंजिन बंद करायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "चालू राहू दे. आधी सांग."

मी वही दाखवली आणि म्हणालो, "चाचा, गाडी म्हातारी झाली म्हणतात. पंप-नोझल काढू या का?"

त्यांनी तिन्ही पानं वाचली. "ऑक्टोबरात चार-दोन देत होती. तेव्हा काय तरणी होती? दोन महिन्यांत म्हातारपण येत नाही. या दोन महिन्यांत बदललं काय, ते सांग."

मी काटा, ड्रम, काळा धूर आणि ऑक्टोबरातला तो मिस्त्री, सगळं सांगितलं.

आधी त्यांनी इंजिनच्या अंगात दम आहे का ते बघितलं. ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. रिंगा झिजल्या असत्या तर जळलेला वायू खाली उतरून ते झाकण नाचलं असतं, उडून पडलं असतं. झाकण बसून राहिलं. मग आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट फडकं धरून किंचित ढिला केला. तेवढं सिलिंडर बंद पडतं आणि इंजिनचा आवाज खाली येतो. सहाही वेळा आवाज सारखाच उतरला. एखाद्या वेळी उतरला नसता तर तो सिलिंडर आधीच कामचोर आहे असं समजलं असतं. हे करताना त्यांनी भाच्याला दोन पावलं मागं उभं केलं. नोझलच्या पाइपातून सुटलेली डिझेलची धार दिसतही नाही आणि कातडीखाली शिरते. त्या धारेपुढं बोट कधी न्यायचं नाही, हे काम शिकल्या हातानंच करायचं.

"रिंगा ठीक, बोअर ठीक, नोझल ठीक. पंप उघडायचा नाही," चाचा म्हणाले. पंप-नोझल टेबलावर लावायला पाठवला असता तर निदान दोन दिवस आणि बराच पैसा गेला असता. नाशिककरांना या वस्तूंची माया वेगळी आहे. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर इथं सातपूरला बनतात. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात आणि मिस्त्रीच्या तोंडी पंपही मायकोचाच.

दुपारी १२.००

एअर फिल्टर काढला. आतून बल्ब धरला तर उजेड सगळीकडून आला. फिल्टर चांगला, तरी काळा धूर. म्हणजे हवा आत येते आणि वाटेत कुठंतरी सांडते.

चाचांनी टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होजवरून हात फिरवला. खालच्या बाजूला बोटं काळी, तेलकट झाली. क्लॅम्पच्या कडेला दोन इंचांची चीर. इंजिन बंद असताना मिटलेली, टर्बोनं हवा दाबली की उघडणारी. ती हवा सिलिंडरपर्यंत पोचत नव्हती. डिझेल पुरं जळत नव्हतं, ताकद कमी पडत होती, आणि माझा पाय नकळत पेडलवर जास्त जात होता. नवा होज मागवला.

मग पुढची जाळी काढून चाचांनी मला वाकून बघायला सांगितलं. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत कांद्याची फोलपटं गच्च बसली होती, वर धुळीचा थर. वर्षभर खळ्यावर आणि मार्केटमध्ये उभी राहणारी गाडी, ती फोलपटं ओढणार नाही तर काय. ऑक्टोबरात पाणी तापत होतं ते यामुळं. आणि इलाज म्हणून त्या मिस्त्रीनं काढून टाकला होता थर्मोस्टॅट.

दुपारी १.००

इंजिन बंद करून थंड व्हायला सोडलं. भाकरी, ठेचा आणि मटकी खाताना चाचा भाच्याला थर्मोस्टॅट समजावत होते. इंजिनचं पाणी ८० अंशांच्या थोडं वर जाईपर्यंत ही झडप बंद राहते आणि पाणी इंजिनातच फिरवते. त्यानंतर उघडून रेडिएटरकडे वाट देते. ती काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरकडे पळतं. उन्हाळ्यात हे खपून जातं. डिसेंबरच्या पहाटे इंजिन थंडच राहतं. थंड भिंतींवर डिझेल नीट जळत नाही, बोअरवरचं ऑइल धुऊन नेतं, रिंगा घासतात. ऑइलही घट्ट राहतं आणि ते घुसळायला डिझेल लागतं. "गरम होतं म्हणून हे काढणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं," एवढं बोलून चाचा हात धुवायला उठले.

मी केबिनमध्ये दोन तास झोपलो. रात्री गाडी चालवलेल्या माणसानं दिवसा झोपायचं, हाही देखभालीतलाच नियम आहे.

दुपारी ३.३०

उठलो तेव्हा उजवं मागचं चाक उतरलेलं होतं. ड्रमच्या आत लायनर चकाकत होते. लायनर पसरवणाऱ्या कॅमच्या शाफ्टचं ग्रीस सुकून दगड झालेलं, त्यामुळं ब्रेक सोडल्यावर कॅम परत येत नव्हता. ओढून घेणारी स्प्रिंगही ताणून सैल झालेली. शाफ्ट काढून घासला, नवं ग्रीस, दोन नव्या स्प्रिंगा, नवे लायनर, आणि ब्रेक परत ॲडजस्ट केला. चाक हातानं फिरवलं तर स्वतःच दोन फेरे फिरलं.

भाच्यानं रेडिएटर मागच्या बाजूनं पाण्यानं धुतला. पुढून जोरात धार मारली तर कचरा आत रुततो आणि पत्र्या वाकतात. फोलपटांचं अर्धं घमेलं भरलं.

नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी चाचांनी तो चहाच्या पातेल्यात पाण्यात टाकला आणि स्टोव्ह पेटवला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पाणी खदखदायच्या आधीच झडप सावकाश उघडली. गार पाण्यात टाकल्यावर मिटली. मगच बसवला.

संध्याकाळी ५.००

इंजिन पुरतं थंड झालं. आता टॅपेट. गरम इंजिनवर टॅपेट लावायचं नाही, धातू फुगलेला असतो आणि माप खोटं येतं. या इंजिनला इनलेटला ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.५१, चाचांच्या बोलीत दहा थाऊ आणि वीस थाऊ. बारा टॅपेटांपैकी दोन सैल निघाले, एक एक्झॉस्ट आवळलेला. सैल असला की व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि इंजिनचा श्वास कोंडतो. आवळलेला असला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि व्हॉल्व्हची कड जळते. पातळ पट्टी कधी सरकू द्यायची आणि कधी बोटांना किंचित अडकवायची, हे भाच्यानं आज पहिल्यांदा स्वतः करून बघितलं. त्यानं लावलेला चौथा टॅपेट चाचांनी परत मोजला आणि काही न बोलता पुढं गेले. तेवढ्यानं पोराचा चेहरा उजळला.

संध्याकाळी ६.३०

गाडी सुरू केली. पिंपळगावच्या वाटेवर ओझरच्या आधीच काटा ऐंशीवर गेला आणि तिथंच थांबला. उड्डाणपुलाच्या चढावर पेडल दाबलं, आरशात धूर पातळ, करडा. पुढच्या पासिंगला धुराचं माप घेतील तेव्हा माझ्या गाडीच्या काळातल्या गाड्यांना ६५ ची मर्यादा आहे. पासिंगपुरता पंप कमी करून नंतर परत वाढवणारे आहेत. गावातल्या पोरांच्या छातीत तो धूर वर्षभर जातो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आज एकूण खर्च एका महिन्याच्या वाया गेलेल्या डिझेलपेक्षा कमी आला. कर्ज फिटलेली, हाताच्या बोटांएवढी ओळखीची गाडी, आणि तिच्याऐवजी नव्या गाडीचा हप्ता डोक्यावर घे म्हणून सगळे सांगत होते.

संध्याकाळी ७.३०, पिंपळगाव बसवंत

नेहमीचा पंप, नेहमीचा नोझल. खाली उतरून आधी चारही मागच्या हबांना हात लावला. सगळे सारखे कोमट. टाकी गळ्यापर्यंत भरली. १०६ लिटर. मीटरप्रमाणे ४०२ किलोमीटर. आजची फेरी अजून दुखण्यातलीच होती, ॲव्हरेज आलं ३.८.

वही भाच्याच्या हातात दिली. त्यानं रेघ आखून सहावा रकाना केला आणि वर लिहिलं, "काय बदललं". त्याखाली बारीक अक्षरात: थर्मोस्टॅट, इंटरकूलरचा होज, उजव्या मागच्या ब्रेकच्या स्प्रिंगा व लायनर, रेडिएटर धुतला, टॅपेट. मग पुढची ओळ सुरू केली. उद्याची तारीख घातली, मीटरचा आकडा घातला आणि माझ्याकडे बघितलं.

"मामा, ॲव्हरेजमध्ये काय लिहू?"

"काही नको. परत इथं येऊन टाकी भरू, तेव्हा लिही."